बालवाडीला आपण काय द्यायचं?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात, बॅच-निधीच्या बैठकीआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘बालवाडी आणि तंत्रज्ञान’. मी इंजिनिअर, वीस वर्षांच्या वर सॉफ्टवेअर लिहून पोट भरते, तेव्हा हा विषय माझ्याकडे यावा हे बरोबरच आहे. त्यामागचं कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन महिने चर्चा चालली आहे की जमलेल्या निधीतून शाळेच्या बालवाडीला दोन मोठे टीव्ही आणि वीस टॅब द्यावेत. जेवणानंतरच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं आहे. कोणता टॅब घ्यावा हे मी सांगावं, अशी बहुतेकांची अपेक्षा असणार.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच वाट पाहत बसणार नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी टॅब घेऊ नयेत, असं मला वाटतं. त्याच पैशात त्यांना यापेक्षा फार मोलाचं काही देता येईल. काय देता येईल आणि का, तेवढंच मी बोलणार आहे. निर्णय अर्थात तुमचा.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे वेगळं सांगायला नको. पण माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. यंत्र कोणतं घ्यायचं हे मागून ठरवायचं, आधी वापरणारा कोण आहे ते नीट पाहायचं. इथे वापरणारं माणूस तीन वर्षांचं आहे. ते कसं शिकतं, हे पाहिल्याशिवाय खरेदी करणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं.

आता हे पाहण्याचं काम आपल्याकडे कोणी केलंच नाही असं नाही. ते शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि त्याचा एक धागा इथून शंभरेक किलोमीटरवरच्या अमरावतीतून जातो. ताराबाई मोडक हे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, ‘बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या’ एवढ्या एका ओळीत. त्यांचा जन्म १८९२चा, मुंबईचा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न होऊन अमरावतीला आल्या, कारण त्यांचे यजमान तिथे वकिली करत. तो संसार पुढे टिकला नाही. त्या काळात एकट्या बाईने नवऱ्यापासून वेगळं होऊन लहान मुलीला वाढवायचं म्हणजे काय असेल, याची कल्पना आपल्या आज्यांना विचारली तर येईल. ताराबाई राजकोटला गेल्या, तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, आणि १९२३ साली ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना मॉन्टेसोरीबाईंचं लिखाण त्यांच्या हाती लागलं आणि वकिली सुटली. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. मारकुट्या शाळांच्या त्या जमान्यात तिथे मुलं गाणी म्हणत, नाटकं करत, हाताने कामं करत, गोष्टी ऐकत. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंतची गोष्ट शहरातली आणि शिकल्यासवरल्या घरांतली आहे. मला खरी मोठी वाटते ती पुढची. शहरातली जमलेली संस्था असताना, पन्नाशी ओलांडल्यावर ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. १९४५च्या डिसेंबरात तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न आणि लहानपणीच वैधव्य आलेली, पण शिकून शिक्षिका झालेली बाई. बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही, त्यांच्या आयांनाही दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, तिथेच गाणी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी कागदांवर छापला जातो, त्याचं मूळ हे आहे. १९५७ साली दोघी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणात भरायला लागली. तिला नाव पडलं कुरणशाळा.

आपल्या बैठकीच्या दृष्टीने यातली सर्वांत कामाची गोष्ट साहित्याची आहे. मॉन्टेसोरी पद्धतीचं साहित्य सुंदर, पण महाग. खेड्यात ते परवडणारं नव्हतं. या दोघींनी मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या, माती यांचंच साहित्य केलं. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं, कमी-जास्त हे सगळं मुलाच्या हाताला त्यातून कळतं. पैसे नव्हते म्हणून हे सुरू झालं असेल, पण ते कमअस्सल नव्हतं. मुलांच्या शिक्षणाचं शास्त्र आज जे सांगतं, ते याच्याशी फार जुळतं.

त्या शास्त्राकडे येते. दोनच प्रयोग सांगते, जास्त सांगून डोकं खाणार नाही.

पहिला अमेरिकेतला, पॅट्रिशिया कुल या संशोधिकेचा, २००३ साली प्रसिद्ध झालेला. इंग्रजी घरातली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, त्यांनी गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवली, अशी बारा सत्रं झाली. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसं, तोच मजकूर, तेवढाच वेळ, पण टीव्हीच्या पडद्यावर दाखवला. आणखी काहींना फक्त आवाज ऐकवला. ज्यांच्याशी माणूस प्रत्यक्ष बोललं ती बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखायला शिकली. पडद्यावाली आणि आवाजवाली बाळं काहीच शिकली नाहीत. पडद्यातलं माणूस तेच होतं, फक्त ते बाळाकडे पाहून थांबत नव्हतं, त्याच्या हुंकाराला उत्तर देत नव्हतं.

जे अमेरिकेत, दुबईत, सिंगापुरात आहेत आणि आज खास आले आहेत, त्यांच्यासाठी एक दिलाशाची गोष्ट सांगते. व्हिडिओ कॉल हा यात मोडत नाही. दोन-अडीच वर्षांची मुलं समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकतात, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं, कारण पलीकडचं माणूस त्यांना उत्तर देतं. तेव्हा अकोल्याची आजी आणि न्यू जर्सीची नात रोज अर्धा तास वऱ्हाडीत बोलत असतील, तर बोलू द्या. ‘आई, शुद्ध बोल गं’ असं म्हणून मध्ये पडू नका.

दुसरा प्रयोग जमैकातला, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतला. सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांचे सहकारी यांनी तो १९८०च्या दशकात केला. कुपोषणाने वाढ खुंटलेली, नऊ महिने ते दोन वर्षं वयाची १२९ मुलं त्यात होती. काही मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती जायची. सोबत घरगुती टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी आणि चित्रांची पुस्तकं. ती आईला मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. हे दोन वर्षं चाललं, बस. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधून काढलं. ज्यांच्या घरी खेळ पोचला होता, त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. २०१४ साली हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. आपल्या बॅचमधले बँकवाले, सीए लोक इथे बसले आहेत. एवढ्या कमी भांडवलावर असा परतावा कुठल्या योजनेत मिळतो, ते त्यांनी मला नंतर सांगावं.

आता प्रत्यक्ष खेळांकडे येऊ. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आज शाळकरी मुलं आहेत, काहींकडे उशिरा आलेली चिमुकली आहेत, आणि समोर बसलेल्या दादा-ताईंच्या घरी नातवंडं यायला लागली आहेत. निधी शाळेला जाईल, पण खेळ तर आज संध्याकाळपासून घरी सुरू करता येतात.

पहिलं वर्ष. या वयात सर्वांत भारी खेळणं म्हणजे माणसाचं तोंड. बाळ हुंकार देतं, आपण हुंकार द्यायचा, मग थांबायचं. ते थांबणं फार महत्त्वाचं, कारण पाळी त्याची आहे. आपल्या आज्या पायांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालताना अखंड बोलायच्या, ‘आता हात धुतला, आता पाय धुतला, आता पोट्टं कसं झालं चकचकीत’. शब्द आणि स्पर्श एकाच वेळी मिळतात, बाळाला यापेक्षा चांगला धडा कोणता? मग ‘भोऽक’. पदराआड तोंड लपवायचं आणि बाहेर काढायचं. साधारण आठ महिन्यांच्या आसपास बाळाला कळायला लागतं की वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते. भोऽक म्हणजे त्याच शोधाचा उत्सव. म्हणून ते शंभरदा हसतं. त्याच सुमाराला मुलं वाटी-चमचा खाली टाकायला लागतात. आपण उचलून दिला की पुन्हा टाकतात. घरातलं कोणीतरी ओरडतं, ‘कायले फेकून राह्यला बे?’ तो गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग करून राह्यला. मी प्रोग्राम तपासताना हेच करते. तीच कृती पुन्हा, उत्तर दरवेळी तेच येतं का ते पाहायचं. बाळ जागं असताना, आपण जवळ असताना, सतरंजीवर पालथं ठेवून समोर एखादं रंगीत फडकं ठेवलं की मान आणि खांदे आपोआप बळकट होतात.

एक ते तीन वर्षं. हे भरण्याचं आणि रिकामं करण्याचं वय. स्वयंपाकघरातला खालचा एक कप्पा त्याच्या नावावर करून टाका. त्यात स्टीलचे डबे, झाकणं, लाकडी चमचे. कोणत्या डब्याला कोणतं झाकण बसतं, हे भूमितीच आहे. ज्वारीच्या पिठाचा एक गोळा हाताशी द्या. थापणं, दाबणं, लांब करणं यातून बोटांत ताकद येते. धुतलेल्या कपड्यांतून बाबांचे मोजे शोधायला लावा, दारातल्या चपलांच्या जोड्या लावायला सांगा. जोडी लावणं म्हणजे वर्गीकरण, आणि आम्ही संगणकाला आयुष्यभर तेच शिकवतो. तान्ह्या पोळ्याचा चाकावरचा लाकडी बैल आपल्या सगळ्यांच्या घरी होता. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून झाल्यावर माळ्यावर जातो. त्याला तिथे ठेवू नका. नुकतं चालायला लागलेल्या मुलाने दोरी ओढत मागे पाहत पुढे चालायचं, ही तोल सांभाळण्याची मोठी कसरत आहे. आणि चालणं म्हटलं म्हणून सांगते. स्वतःहून चालायला लागण्याचं वय जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत साधारण आठ ते अठरा महिने इतकं पसरलेलं आहे. शेजारची चिमणी दहाव्या महिन्यात चालली म्हणून आपल्या मुलाला ढकलू नका. दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

या वयात एक काळजी घ्यायची. हाताला येईल ते तोंडात जातं. चिंचोके, शेंगदाणे, मणी, नाणी, आणि रिमोटमधले चपटे बटण-सेल तीन वर्षांच्या आतल्या मुलापासून लांब. पाण्याचा खेळ असेल तर बादली भरलेली सोडून एक मिनिटही उठायचं नाही.

तीन ते सहा, म्हणजे आपल्या बालवाडीचं वय. इथे मला आपल्याच मातीतले तीन खेळ सांगायचे आहेत.

पहिली भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपण घरोघरी गाणी म्हणत फिरायचो, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा असायचा. डबा झाकलेला, तो हलवून आवाज ऐकायचा, नाक लावून वास घ्यायचा, मग प्रश्न. ‘गोड की तिखट?’ ‘तळलेलं की भाजलेलं?’ प्रत्येक प्रश्नाने शक्यता कमी होत जातात. कमीत कमी प्रश्नांत उत्तर गाठणं, याला माझ्या विषयात मोठं नाव आहे आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याचा पेपर असतो. आम्ही तो या जठारपेठेच्या गल्ल्यांत परकर-पोलक्यात दिला होता. बालवाडीत हा खेळ रोजच्या डब्याच्या सुट्टीत होऊ शकतो. खर्च शून्य.

दुसरी कावड. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला येतं, ते पाहून गल्लीतली पोट्टी काठीला दोन डबे बांधून कावड करतात. एका डब्यात पाणी जास्त झालं की काठी कलंडते. मग दुसऱ्यात ओता, नाहीतर खांदा सरकवा. तराजूचा सिद्धांत खांद्याला कळतो, वहीत तो सातवी-आठवीत येतो. अकोल्याच्या माणसाला पाण्याची किंमत शिकवायला नको, तेव्हा खेळून झालेलं पाणी कुंड्यांना जाईल.

तिसरी रांगोळी. चार ठिपके, चार ओळी. मोजणं, सरळ रेष, दोन्ही बाजू सारख्या येणं. आणि चिमटीतून रांगोळी सोडताना जी तीन बोटं काम करतात, तीच पुढे पेन्सिल धरतात.

पेन्सिलीचा विषय निघाला म्हणून थोडं थांबते, कारण पालकांचा खरा आग्रह इथे असतो. तीन वर्षांच्या मुलाला वही, चार ओळींत ए-बी-सी-डी, रोज एक पान गृहपाठ. आईवडिलांची काळजी मला समजते. मूल मागे पडू नये, एवढंच त्यांना हवं असतं. पण मुलाचं मनगट पाहा. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चाच असतात, आणि एकेक करत कितीतरी वर्षांत त्यांची पक्की हाडं होतात. तीन वर्षांच्या मनगटात अजून निम्मीसुद्धा तयार नसतात. त्या हाताला कणिक, माती, कागद फाडणं, फुलं ओवणं, बुचं फिरवणं हे काम हवं. ते झालं की पाच-सहाव्या वर्षी अक्षर विनासायास येतं. तेच मोजण्याचं. शंभरपर्यंत पाठ म्हणणारं चार वर्षांचं मूल पाहून आपण टाळ्या वाजवतो. त्याला सांगा, ‘पाच चिंचोके दे’. कित्येकदा ते मूठभर देतं. त्याच्यासमोर रुंद भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओता आणि विचारा, ‘आता पाणी वाढलं का?’ ते म्हणेल, ‘हो, वाढलं’. पियाजेने हे दाखवलं त्याला बरीच वर्षं झाली. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना असंच वाटतं. ते समजावून सांगून जात नाही, अनेकदा ओतून-ओतून जातं. टॅबवरचं पाणी बोटाने सरकतं, सांडत नाही आणि हात ओला करत नाही.

सरकारी धोरणही आज याच बाजूचं आहे. १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिने अंगणवाडी देशभर नेली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वयाच्या तीन ते आठ या पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून शिकण्याचा असावा असं म्हटलं आहे. २०२३च्या फेब्रुवारीत एनसीईआरटीने या टप्प्यासाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्या पेटीत खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रांच्या गोष्टी आहेत. पडद्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितलं आहे. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. आपल्या बालवाडीतल्या मुलांचा तो तास घरीच संपून जातो. शाळेने आणखी भर घालायचं कारण नाही.

मोबाइल दाखवून घास भरवणाऱ्या आईला बोल लावायला मी इथे उभी नाही. चुलत-मावस भावंडांनी भरलेलं घर नाही, अंगण नाही, नवऱ्याची शिफ्ट, स्वतःची नोकरी. तिच्या हातात तेवढंच उरतं. म्हणूनच बालवाडीचे ते तीन तास मला मोलाचे वाटतात. घरातून नाहीसं झालेलं अंगण निदान शाळेत असावं.

आणि ज्यांना वाटतं की माती-ठोकळ्यांत खेळून मूल संगणकयुगात मागे राहील, त्यांना माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगते. मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला जगभर ‘स्क्रॅच’ वापरतात. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने ते २००७ साली खुलं केलं. त्या गटाचं नाव आहे ‘लाइफलाँग किंडरगार्टन’, म्हणजे आयुष्यभराची बालवाडी. स्क्रॅचमध्ये प्रोग्रामचे तुकडे ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसवायचे असतात. तिथले लोक संगणकाला बालवाडीसारखं करू पाहतात आणि आपण बालवाडीला संगणकासारखं करायला निघालो आहोत. स्क्रॅच आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे. पाचवी-सहावीच्या वर्गासाठी तुम्ही संगणक मागितलेत तर यादी मीच करून देईन.

आता बालवाडीसाठी माझा प्रस्ताव.

एक, आवारातल्या कडुनिंबाखाली वाळूचा हौद, वर झाकण, म्हणजे रात्री मांजरं जाणार नाहीत. शेजारी पाण्याची दोन घमेली, मापं, नरसाळी. अकोल्याचं ऊन लक्षात घेता उन्हाळ्यात हे सकाळी नऊच्या आत.

दोन, लाकडी ठोकळे. एका मापाचे, त्याच्या दुपटीचे, निमपटीचे. आपल्या गावच्या सुताराकडून, कडा नीट घासून घेतलेले. आणि संख्येने भरपूर, म्हणजे भांडणं कमी होतील आणि इमारती मोठ्या.

तीन, चित्रांची मराठी पुस्तकं. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांच्याकडे उत्तम पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या आणि चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचून पाहा. पुस्तकं कपाटात कुलपात नकोत. फाटली तर चिकटवू, पुन्हा आणू.

चार, आणि निधीचा मोठा वाटा इथे जावा असं मला वाटतं. एक मदतनीस ताई, निदान तीन वर्षांच्या मानधनाची सोय करून. आज एका बाईंकडे तीस-पस्तीस मुलं आहेत. पस्तीस मुलांना वाळू आणि पाणी देऊन एकटी बाई काय करेल? ती त्यांना हाताची घडी घालूनच बसवणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. खेळ हवा असेल तर माणूस हवं. बाईंच्या प्रशिक्षणाचा खर्चही यातच धरावा.

पाच, महिन्यातून एक शनिवार पालकांसाठी. व्याख्यान नको. आई-बाबा, आजी-आजोबांनी मुलांसोबत तासभर खेळायचं, आणि पाच चिंचोक्यांचा खेळ स्वतः करून पाहायचा. एकदा पाहिलं की गृहपाठाचा आग्रह आपोआप कमी होईल.

आणि तंत्रज्ञान म्हणून मी स्वतः एक काम घेते. आपल्या भागातल्या आज्या-आजोबांच्या तोंडच्या वऱ्हाडी गोष्टी आणि भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करून, नीट लावून बाईंना देईन. बाईंनी त्या घरी ऐकायच्या आणि वर्गात स्वतःच्या तोंडाने सांगायच्या. रेकॉर्डिंगसाठी दर सुट्टीत मी इथे येईन. ज्यांच्या घरी गोष्टी सांगणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनी आज निघण्याआधी मला नाव देऊन ठेवावं. या कामाला फार वेळ नाही.

तीन वर्षांनी मोजमाप काय, असं आपले मॅनेजर मित्र विचारतील. योग्य प्रश्न आहे. टॅबवर किती मुलांनी किती तारे मिळवले याचा तक्ता रोज येतो, तसा वाळूचा येणार नाही. पण तीन गोष्टी बाईंना पाहता येतील. मूल पूर्ण वाक्यात आपली गोष्ट सांगतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का, आणि सकाळी शाळेत यायला रडतं का. जून महिन्यात आणि मार्च महिन्यात या तीन गोष्टींची नोंद ठेवा. मला तेवढा हिशेब पुरेसा आहे.

समोर आमच्या बाई आणि सर बसले आहेत. आमच्या वेळी वर्गात साठ-साठ जण होते, तरी प्रत्येकाला नावाने हाक मारणारे हे लोक. बालवाडीतल्या मुलांनाही तसं माणूस मिळावं, त्याला थोडी सवड मिळावी, आणि खेळायला थोडी वाळू, एवढंच माझं मागणं आहे. जेवण झाल्यावर बैठकीत भेटूच. टॅबच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरूर बोलावं, आपण वाद घालू.